पुन्हा पाहणे

कचराळीचं पाणी सकाळी साडेसहाला घ्यायचं,
चालणाऱ्यांची तिसरी फेरी सुरू व्हायच्या आत,
नाहीतर कोणीतरी विचारतंच: मासे मेले का?
मी म्हणते, नाही, शेवाळ.
मग त्यांचा चेहरा असा होतो
जसं मी त्यांच्या घरच्या मोरीबद्दल बोलले.

काचपट्टीवर एक थेंब. चारशेपट.
चार पेशी खांद्याला खांदा लावून,
कडेच्या दोघींना कधी काटे, कधी नाहीत.
बाकी हिरवे गोळे,
गोळेच गोळे, मटारच्या उसळीसारखे,
ज्यांना नाव देताना आपण खरं तर हात टेकतो.

टिपणीस मॅडमची वही माझ्याकडे आली
लॅब खालच्या मजल्यावर हलवली तेव्हा.
अठ्ठ्याहत्तर ते ब्याण्णव. एच पेन्सिल.
प्रत्येक काट्याची लांबी मायक्रॉनमध्ये.
रेलादेवी: काटेरी.
कचराळी: गुळगुळीत.
दोन तलाव, दोन जाती,
दोन लॅटिन नावं, खाली पट्टीने मारलेली रेघ.

मी दोन्हीकडच्या पेशी एकेक उचलल्या
केसाएवढ्या नळीने, वाढवल्या, फोडल्या,
मग तापव, निवव, पुन्हा तापव,
पस्तीस वेळा.
पीसीआर म्हणजे तरी काय,
एकच ओळ घोकून घेणं.
निकाल आला तेव्हा दोन्ही ओळी
एकीखाली एक लावल्या.
ए खाली ए. टी खाली टी.
फरक शून्य.
काटेरी आणि गुळगुळीत, एकच.

आणि हिरवे गोळे, ज्यांना वहीत एकच नाव,
ते तीन निघाले.
त्यातले दोन तर एकमेकांचे इतके लांबचे
की सुतकही लागू नये.

रविवारी चरईत गेले, पेढे घेऊन.
लिफ्ट बंद होती.
तीन मजले वाक्य जुळवत चढले.
मॅडमनी सगळं ऐकून घेतलं,
कागद उजव्या डोळ्याजवळ धरून ओळी पाहिल्या
आणि विचारलं,
"रेलादेवीच्या पाण्यात पाणपिसवा होत्या?"
होत्या. पुष्कळ.
"मग? खाणारं जवळ आलं की काटे काढतात ती.
पाण्यात वास लागतो त्यांना. समासात बघ."

समासात, इतक्या बारीक अक्षरात
की मी तो वाळवीचा डाग समजले होते:
काटे भीतीमुळे? पुन्हा पाहणे.

"मग पाहिलं का नाहीत?"
"बारावीचे पेपर आले तपासायला,"
म्हणाल्या,
आणि अर्धा पेढा परत कागदात ठेवला.

मी नाव खोडायला पेन काढलं.
"खोडू नकोस. खाली लिही.
तारीख घाल."

एकसष्टाव्या पानाबद्दल मी त्यांना विचारलं नाही.
तिथे एक कोर आहे, चंद्रासारखी,
पण एक टोक आत वळलेलं,
जणू काही विसरलं म्हणून परत फिरलेलं.
तलावाचं नाव आहे. तलाव नाही.
बाटली कपाटात आहे, फॉर्मलिनमध्ये,
चहाच्या रंगाचं पाणी, तळाला चिमूटभर गाळ.
चार वेळा प्रयत्न केला.
जेलवर पट्टी उमटत नाही.
फॉर्मलिनने ओळ जपली नाही,
नुसता देह जपला,
तोही आता हलवला की विस्कटतो.

माझ्या तक्त्यात तिच्यापुढे दोन रकाने:
आकार, पान एकसष्ट.
जनुक, आडवी रेघ.
मार्गदर्शक म्हणाले, गाळून टाक ही, पुरावा अर्धाच आहे.
मी ठेवली.
एका बाईने एका दुपारी
श्वास रोखून काढलेली ती वळणाची रेघ,
पेन्सिल एकदाही न उचलता.
तिच्याखाली पुन्हा पाहणे असं
लिहिता येत नाही.

तलाव होता तिथे हल्ली
गाडी लावायचे तासाला तीस रुपये घेतात.
पावतीवरचा शिक्का हिरवा असतो,
जरासा फुटलेला, कडेला ओला.